अक्कलदाढ आणि सोयरिकीचा घास

३ ऑक्टोबर, सोमवार
अक्कलदाढ ठणकते आहे. शनिवारी माझ्या मुलाची, मिरासची सोयरीक पक्की करायला जेझकाझगानला जायचंय. माझं भाषण चाळीस मिनिटांचं. आमच्या सात पिढ्या, प्रत्येकाचा पराक्रम. (चौथ्याचा ठाऊक नाही. रचेन.) मुलीचा बाप ट्रॅक्टर दुरुस्त करतो. कोणाच्या घरात मुलगी देतोय, हे त्याला कळायला हवं.

४ ऑक्टोबर
दाढ काढली. डॉक्टरीण म्हणजे काल जन्मलेली पोर. म्हणे, काका, आठवडाभर तंबाखू बंद, गरम चहा बंद. मी तीस वर्षं भूगोल शिकवतोय, मला शिकवते! दोन दिवसांत ठणठणीत होणार.

४ ऑक्टोबर, दुपारी
ओठाखाली तंबाखू ठेवली. फक्त चिमूटभर. दुसऱ्या बाजूला. तंबाखूने जंतू मरतात.

५ ऑक्टोबर
गाल सुजला. बरं होण्याचं लक्षण. बायको बातिमा म्हणाली, अहो, सोयरीक पुढे ढकलू या का? बायकांची अक्कल! लोक म्हणतील, मुलाकडचे कचरले.

७ ऑक्टोबर
भाषणाची तालीम. तोंड बोटभरच उघडतं. कळ थेट कानात. पुन्हा दवाखाना. डॉक्टरीण म्हणाली, दाढेचा खड्डा कोरडा पडलाय, तंबाखू खाल्लीत ना? मी साफ नाही म्हटलं. तिने चिमट्याने कण काढून दाखवला. उद्धट पिढी.

८ ऑक्टोबर, शनिवार
ताटात कलेजी आणि मेंढीच्या शेपटीची चरबी आली. व्याह्यांनी हा घास खाल्ला की सोयरीक पक्की, नाकारला की मोडली. मुलीची आई उलझान मूठ भरून समोर उभी. म्हणे, आ करा की व्याहीबुवा, लाजताय काय नव्या नवरीसारखे! आ होईना. मुलीच्या बापाने मान खाली घातली. मिरास पांढराफटक. माझ्या चिमूटभर तंबाखूपायी पोराचं लग्न मोडत होतं. फार भ्यालो. मग दोन्ही हातांनी जबडा फाकवला, तिने घास कोंबला, न चावता गिळला. डोळ्यांतून धारा. टाळ्या.

भाषण झालं नाही. सातांपैकी एकही पूर्वज नाही.

९ ऑक्टोबर
उलझानचा फोन आला. बातिमा सांगते, मंडळी माझ्यावर बेहद्द खूश आहेत. म्हणे, किती नम्र माणूस! अवाक्षर बोलला नाही, आनंदाने नुसता रडत होता. आम्ही तर ऐकलं होतं, फार बढाईखोर आहे.

हे ऐकून मिरासने लगेच डॉक्टरणीला फोन लावला. माझी दुसरी, डावीकडची अक्कलदाढ लग्नाच्या चार दिवस आधी काढायची ठरली आहे.

ती दाढ अजिबात दुखत नाही.