तिसऱ्या कडव्याची जागा

अबू हमूर, दोहा
शुक्रवार, २३ डिसेंबर २०११

प्रिय खतिजा,

सलाम. तू, अम्मी आणि इकरा बऱ्या असाल असं धरून लिहायला बसले आहे. आम्ही ठीक. थंडी पडली आहे, म्हणजे गार्गी आता स्वेटर हातात घेऊन शाळेत जाते. देवव्रत नेहमीसारखाच, सकाळी सहाला बाहेर आणि संध्याकाळी घरात फोनवर.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर धड बोलणं होत नाही, लाईन मध्येच जाते, म्हणून. शिवाय मजीदभाईंचा पुतण्या रियाज परवा सुट्टीवर निघाला आहे आणि काकीसाठी बॅगेत जागा ठेवतो म्हणाला. खजूर पाठवते आहे. डब्याखाली सिद्रच्या मधाची बाटली आहे, नीट गुंडाळलेली. इकराला चपातीबरोबर दे, तिला गोड आवडतं.

मजीदभाई परवा मन्सुऱ्यात दुकानात भेटले होते. बरे दिसले. थोडे वाळले आहेत. तू इकराला घेऊन गावी गेल्यापासून सहाजणांच्या खोलीत राहून तुझ्या नवऱ्याच्या जेवणाचं काय होत असेल ते तू जाणतेस. बोलणं झालं थोडं.

आता तुझ्या सवतीची बातमी. (हा शब्द तुझाच. मी आपली "गाडी" म्हणते.) सोमवारी ती बनवणाऱ्या स्वीडनच्या साब कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारखाना एप्रिलपासून बंदच होता, पण मला वाटायचं, कुणीतरी चिनी, कुणीतरी डच येईल आणि वाचवेल. रोज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत स्वीडनच्या बातम्या वाचायचे. देवव्रत म्हणाला, "तुझ्या माहेरचं कुणी गेल्यासारखी बसू नकोस." त्याचं चुकलं नव्हतं, मी तशीच बसले होते. एका मोटार कंपनीसाठी चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने जेवण टाकावं का? डायरीत हा प्रश्न लिहिला आणि उत्तराची जागा सोडून दिली.

कंपनीसाठी नसेल कदाचित. तू आठव. मागचं सीट पाडलं की आपली बैठक तयार. माझ्या मांडीवर बुलबुलतरंग, तुझी बोटं मागच्या दाराच्या प्लास्टिकवर, काचा वर आणि एसी बंद, कारण पंख्याची घरघर रेकॉर्डरमध्ये येते. फ्लॅटमध्ये शेजारी भिंत ठोकायचे, तिथे ठोकायला कुणी नव्हतं. म्हणून तर आपली जूनमधली गाणी दोन कडव्यांची आणि जानेवारीतली चार. घाम डोळ्यांत उतरला की तू म्हणायचीस, "तुझ्या गाडीसाठी मी दुवा करीन, पण एसी लाव बाई." आता इथे उघड्या मैदानांना एसी लावणार आहेत म्हणे, २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी. आपल्याला एक बंद गाडी थंड ठेवता आली नाही.

वर्ल्ड कप मिळाल्याला वर्ष झालं आणि सगळीकडे खणाखणी आहे. मुऐदरच्या पलीकडचं आपलं गाण्याचं मोकळं मैदान पत्र्यांनी बंद केलं. तिथे काय होणार हे पाटीवर अरबीत आणि इंग्रजीत आहे, पण मी थांबून वाचलं नाही. देवव्रतच्या कंपनीला स्टेडियमच्या पाण्याच्या लाईनचं काम मिळण्याची आशा आहे. मिळालं तर बावीसपर्यंत इथेच. मी पटकन मनात आपलं वय मोजलं, तुझंही.

गाडी छान आहे. कालच धुतली.

रस्त्यावर साब मात्र दिसेनाशा झाल्या. पूर्वी समोरून एखादी आली की दिवा लुकलुकवून सलाम करायची. इथे मागून दिवा आला की लँड क्रूझरवाला म्हणतो बाजूला हो, आणि समोरून आला की साबवाला म्हणतो कशी आहेस. हा फरक तुला समजावून सांगायला मला आठवडा लागला होता.

गाडीवर गाणं लिहायला घेतलं आहे. हसू नकोस. जानेवारीत जगभर ठिकठिकाणी साबवाले गाड्या घेऊन जमणार आहेत. इथेही मुनाफ नावाचा एकजण लोकांना जमवतो आहे. महाडचा आहे, ड्राफ्ट्समन. मुखडा असा:

बर्फाच्या गावची लेक, वाळूत नांदली
किल्लीच्या एका हाकेला, दमात जागली

हे गाणं आहे की जाहिरात, ते मला ठरवता येत नाही. तू चाल ऐकून सांगितलं असतंस. चार कडवी होतील. तिसरं नेहमीप्रमाणे तुझं. शब्द सोबत देते. रियाजकडे रेकॉर्डर आहे, त्यात म्हणून पाठवशील का? घाई नाही.

घाई नाही असं लिहिलं खरं.

अम्मींना सलाम, इकराला पापा.

तुझी
सुहास

*

अबू हमूर
शुक्रवार, २० जानेवारी २०१२

प्रिय खतिजा,

रियाज बुधवारी परत आला. तुझी चिठ्ठी मिळाली आणि अम्मींच्या हातच्या तांदळाच्या पापडांचा निम्मा चुरा मिळाला. तो आम्ही आमटीत घालून खाल्ला.

तुझी चिठ्ठी पाच ओळींची. तू लिहितेस, "मध पोचला. गळ्यासाठी घेतात तो, इकरासाठी नव्हता हे बाटली बघूनच कळलं. मजीदने सांगितलं ना तुला? कडवं हजराकडून म्हणून घे. तिचा आवाज बरा आहे."

हजराचा आवाज बरा आहे असं तू लिहिलंस, त्यावरूनच मला कळलं की तू रागावली आहेस. इथल्या बायकांत गाताना हजराने पट्टी सोडली की तू माझी मांडी चिमटायचीस, तो डाग अजून असेल.

हो, सांगितलं त्यांनी. दुकानात, कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर उभं राहून. गळ्यातली गाठ, सप्टेंबरचं मुंबईतलं ऑपरेशन, गाठ साधी निघाली हे, आणि नस दुखावल्यामुळे आवाज बसला आहे हेही. तू फोन घेत नाहीस, कुणाचाच नाही, म्हणाले. "भाभी, तुम्ही लिहा तिला. मी फोन केला की ती ऐकते नुसती, आणि फोन इकराकडे देते." मग ते कोथिंबीर निवडत राहिले आणि न घेताच गेले.

मला माहीत आहे हे तुला कळू न देता मी लिहिलं. लाईन जाते, असं लिहिलं. तू स्वतः सांगेपर्यंत आपण विचारू नये, हे मला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं. आता वाटतं की मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणजे त्या आवाजात ऐकायचं नव्हतं. दोन्हींतलं खरं कुठलं, हे शोधत मी बरीच पानं खराब केली. दोन्ही असेल. आणि माहीत असूनही तिसरं कडवं तुला पाठवलं. त्याला काय म्हणावं? तू रागावलीस ते बरं झालं. निदान पाच ओळी आल्या.

तुझं उघड झालं, तर माझंही. गाडी छान आहे असं लिहिलं होतं. धुतलीही होती. पण ती महिनाभर फाटकाशी बंद उभी होती. इंजिनावर इग्निशनचा एक डबा बसतो, ठिणगी देणारा. तो गेला. बाकी सगळं जागच्या जागी, आणि किल्ली फिरवली की काहीच नाही. नवा डबा इथे मिळेना, बाहेरून कधी येईल ते कुणी सांगेना. देवव्रत म्हणाला, आता भंगारवाल्याला बोलाव. गार्गी म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ कार." ती बरोबर बोलली. म्हणून तर मी तिच्यावर ओरडले.

डबा आणि गळा यांची तुलना करणारं एक कडवं मी लिहिलं होतं. जमलंही होतं. पण वाचल्यावर लाज वाटली, खोडून टाकलं. तू काही गाडी नाहीस.

मग मुनाफचा फोन आला, शनिवारी कॉर्निशला येताय ना. मी गाडीचं सांगितलं. तर हा मनुष्य आदल्या संध्याकाळी त्याची साब घेऊन फाटकाशी हजर. माझ्याच वर्षाची, माझ्याच मॉडेलची. बॉनेट उघडलं, चार स्क्रू काढले, स्वतःच्या गाडीतला डबा उचलून माझ्या गाडीत बसवला आणि म्हणाला, "मारा किल्ली, ताई." मी मारली. एका हाकेला जागली गं. देवव्रत गॅलरीतून बघत होता, तोही खाली आला.

त्याची गाडी डब्याविना आमच्या फाटकाशी ठेवून शनिवारी आम्ही माझ्या गाडीतून गेलो. एकूण चार गाड्या जमल्या. एक स्वीडिश म्हातारं जोडपं, एक लेबनीज डॉक्टर, एक सुदानी शिक्षक आणि आम्ही. समुद्राकडे तोंड करून गाड्या लावल्या, फोटो काढले. मागे त्या टॉवरांवर वर्ल्ड कपचे मोठे फलक. एक पोलीस येऊन विचारून गेला की लग्न आहे का. मुनाफने मला गायचा आग्रह केला. मी बुलबुलतरंग काढलं, मुखडा आणि दोन कडवी म्हटली आणि थांबले. सगळ्यांना वाटलं, गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. स्वीडिश बाई डोळे पुसत होती, मराठीचं एक अक्षर कळत नसताना. मी "शुक्रन" म्हणून वाद्य पिशवीत घातलं.

परत येताना मुनाफला म्हटलं, घे तुझा डबा. तो म्हणाला, एक शुक्रवार तुमचा, एक माझा, दुसरा डबा मिळेपर्यंत. आणि मिळणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. मी रात्री विचार करत पडले की याला गाडी चालवणं म्हणता येईल का, की दोन बंद गाड्यांना आळीपाळीने जागं करणं. गार्गी म्हणाली, "सो इट्स जॉइंट कस्टडी." हे मात्र मला आवडलं.

आज माझा शुक्रवार होता.

आपलं मैदान गेलं, म्हणून मी मुऐदरच्या आणखी पुढे गेले. रस्ता संपतो तिथे पाईपांचे ढीग आहेत, त्यांच्या आडोशाला गाडी लावली. मागचं सीट पाडलं, काचा वर केल्या. एसी लावलेला नव्हताच, हवा गार आहे, तरी सवयीने हात तिकडे गेला. एकटीला बैठक फार मोठी वाटते. तू गेल्यापासून मी गायले नव्हते, कॉर्निशची ती दोन कडवी सोडली तर. हेही तुला कुणी सांगितलं नसेल.

रेकॉर्डर चालू करून पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसरं आलं तेव्हा मला ते म्हणता आलं असतं. शब्द माझेच आहेत. चालही आपल्या दोघींची. मी म्हटलं नाही. वाद्यही थांबवलं. नुसता तुझा ठेका धरला, मागच्या दारावर, तू धरायचीस तिथेच, त्या जागी प्लास्टिक जरा गुळगुळीत झालं आहे. एक कडवंभर ठेका. मग चौथं म्हटलं आणि बंद केलं.

घरी येऊन ऐकलं. माझ्या चौथ्या कडव्यात सूर हलला आहे. तुझ्या जागी ठेका आहे, लांब कुठेतरी ट्रक मागे घेतल्याची पींपीं आहे, आणि माझा श्वास. पुन्हा रेकॉर्ड करावंसं वाटलं, पण डबा मगरिबच्या अजानेच्या आत मुनाफला पोचवायचा होता.

मजीदभाई सोमवारी गावी निघत आहेत. त्यांच्याकडे हा रेकॉर्डरच देते आहे. त्यात एवढं एकच गाणं आहे. या खेपेला मध पाठवत नाही. संक्रांतीचे तिळाचे लाडू आहेत, आणि ते इकरासाठीच आहेत.

हजराला मी विचारणार नाही. तू रागावलीस तरी नाही.

मला तुझा जुना आवाज नको आहे, असं लिहिलं होतं, ते खोडलं. हवा आहे. रोज हवा असतो. मन्सुऱ्यात गेले की मला तो ऐकू येतो, भाव करताना, मजीदभाईंना दटावताना. तो आता नाही, हे मजीदभाईंनी सांगितलं तेव्हाच मी ऐकलं. पण आता जो आहे तो मी ऐकलेला नाही, आणि तो तुझ्याच गळ्यातून येतो ना? चिरका असेल, घोगरा असेल, अर्ध्या ओळीत जाईल. तेवढीच अर्धी ओळ म्हण. इकराला बाहेर पाठव, दार लाव, पंखा बंद कर. म्हणायचं नसेल तर नुसती बोल. तेही नको असेल तर रेकॉर्डर तसाच परत पाठव. मी ती जागा दुसऱ्या कशानेही भरणार नाही.

देवव्रतचं काम झालं. सही केली. म्हणजे आम्ही बावीसपर्यंत इथे. तुला सांगायचं टाळत होते, कारण सांगितलं की ते खरं होईल.

आज गाडी फाटकाशी लावली आणि किल्ली निघेना. तू शेजारी नव्हतीस, त्यामुळे आठवण करून द्यायला कुणी नव्हतं की या गाडीची किल्ली रिव्हर्स टाकल्याशिवाय निघत नाही. तू दर वेळी म्हणायचीस, घरी आलो तरी हिला मागे जायचं असतं. मग रिव्हर्स टाकला आणि किल्ली काढून घेतली.

माझा पुढचा शुक्रवार तीन फेब्रुवारीला आहे. गाडी त्या दिवशी चालू असेल.

तिसऱ्या कडव्यापाशी ठेका धरून बसलेली,
तुझी सुहास