एकशे शहाऐंशी गट आणि तीन बॅटऱ्या

१६ जानेवारी, सकाळी ७

नवी वही काढली. आजपासून माणूस कामाचा झाला.

पीकपाहणी सहाय्यक म्हणून माझी नेमणूक झाली. गावातून अर्ज एकच आला होता, म्हणजे निवड एकमतानेच म्हणायची. निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय. ज्यांनी मोबाईलवरून स्वतःच्या पिकाची नोंद केली नाही, त्यांच्या रानात जाऊन पिकाचा फोटो काढायचा आणि अ‍ॅपवर चढवायचा. नोंद झाली तर सातबाऱ्यावर पीक लागतं, आणि पीक लागलं तरच सरकारी खरेदी केंद्रावर माल घेतात.

एकूण गट एकशे शहाऐंशी. मुदत २८ फेब्रुवारी. रोज वीस गट धरले तरी दहा दिवसांत विषय संपतो. उरलेला महिना शेजारच्या गावांना मार्गदर्शन करीन.

संध्याकाळी ६

अकरा गट झाले. बाराव्याच्या बांधावर फोन मेला. अ‍ॅप, नकाशा आणि कॅमेरा एकदम चालू, बॅटरी टिकणार कशी? काम थांबलं ते माझ्यामुळे नाही, याची नोंद असावी.

१७ जानेवारी

दिवसभर चिंतन केलं. रानात गेलो नाही. आधी पाया, मग कळस.

दुपारी कारखान्यावरून लंकाबाईचा फोन. ती आणि तिचा नवरा आसाराम कोयता घेऊन दिवाळीपासून तिकडेच आहेत. इकडे दोन एकर हरभरा सासूच्या, साळूबाईच्या, भरवशावर. लंकाबाईनं विचारलं, भाऊजी, आमची नोंद कधी होईल? शब्द दिला, पुढचा फोटो तुमच्याच रानाचा. तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा शब्द दिला. बजरंगचा शब्द आहे.

२० जानेवारी

उपाय सापडला. स्पेअर बॅटरी! हल्लीच्या फोनची बॅटरी निघत नाही, हीच जगाची मोठी चूक. आज नगरला जाऊन सावेडीतल्या नोहाच्या दुकानात मागचं झाकण उघडणारा जुना फोन घेतला. सोबत तीन बॅटऱ्या, आणि बॅटरी बाहेर काढून चिमट्यात धरून भरायचा चार्जर.

नोहा पन्नाशीचा, तीस वर्षं रिपेअरिंगमध्ये. त्याने सल्ला दिला: बॅटरी पार शून्यावर नेऊ नका, उन्हात ठेवू नका, नुसती पडून राहणार असेल तर निम्मी भरून ठेवा, फुगली तर टाकून द्या. एवढंच. इतक्या मोठ्या विषयाला चार वाक्यं! माणूस अनुभवी आहे, पण अभ्यास कमी.

निघताना तो म्हणाला, काका, आहे तो फोन दुपारी जेवताना अर्धा तास चार्जिंगला लावला तरी भागलं असतं. मी हसलो. धंदेवाईक माणसाला दूरचं दिसत नाही.

माझं सिम जुन्या फोनात घातलं. आधीचा फोन सविताला दिला, अ‍ॅपसकट. तिच्याकडे बटणांचा होता. बायको खूश. तिला काय, भजनं ऐकेल.

२३ जानेवारी

तीन बॅटऱ्यांना अ, ब, क अशी नावं दिली. भिंतीवर तक्ता लावला. वाचनात आलं की बॅटरी चाळीस टक्क्यांखाली उतरू देऊ नये आणि ऐंशीच्या वर चढू देऊ नये. म्हणजे प्रत्येक बॅटरीतून वापरायची चाळीसच टक्के. तिन्ही मिळून एकशे वीस. एका साध्या बॅटरीपेक्षा थोडीशीच जास्त, पण किती निरोगी!

सविता तक्ता वाचून म्हणाली, रानात कधी जायचं? तिला पायाभरणी हा प्रकारच माहीत नाही.

२७ जानेवारी

लाईट सकाळी गेली ती चारला आली. ऐंशीला काढायचं म्हणून चार्जरसमोर बसून राहिलो. डुलकी लागली. उठलो तेव्हा 'ब' शंभरावर. मन खट्टू झालं. 'ब'ला दोन दिवस सक्तीची विश्रांती दिली.

रानात जाता आलं नाही.

३० जानेवारी

उष्णतेपासून संरक्षण म्हणून तिन्ही बॅटऱ्या ज्वारीच्या पोत्यात पुरून ठेवल्या. थंड राहतात. संध्याकाळी 'क' सापडेना. सगळं पोतं ओट्यावर उपसलं. सविता काही बोलली नाही, नुसती ज्वारी भरत राहिली. तिचं न बोलणं हे मी कौतुक समजतो.

हल्ली ती गाईला घास आणायला गेली की दोन-दोन तास येत नाही. बायकांच्या गप्पा. फोन दिला तो दिला, आता रानातही बरोबर नेते.

२ फेब्रुवारी

काटकसरीचा नवा नियम, परवापासून. फोन दिवसभर बंद. सकाळी आठला पाच मिनिटं आणि संध्याकाळी सहाला पाच मिनिटं चालू. बॅटरी तीन दिवस पुरली! असा बॅकअप नव्या फोनवाल्यांना स्वप्नातही मिळणार नाही.

चालू केला तेव्हा लंकाबाईच्या सतरा मिस्ड कॉलचे मेसेज आले. लावणार होतो, पण पाच मिनिटं संपली.

६ फेब्रुवारी

'अ' बॅटरी चांगलीच भरली आहे. डोळ्यांना दिसतं इतकी जाड झाली. बहुतेक माझ्या पद्धतीने क्षमता वाढली असावी. झाकण बसेना म्हणून रबरबँड लावलं. नोहाला फोन करून ही आनंदाची बातमी दिली. तो घाबरून म्हणाला, ती फुगलीय, लगेच फोनातून काढा आणि घराबाहेर ठेवा, पेट घेईल. नवीन विकायचा डाव.

रात्रीच्या जेवणाआधी सविताने ती चिमट्याने उचलून पत्र्याच्या डब्यात वाळूत घातली आणि डबा उकिरड्यापलीकडे ठेवून आली. मी निषेध नोंदवला. तिने हात धुतले.

११ फेब्रुवारी

आज प्रत्यक्ष कामाला सुरुवात. मुहूर्तावर अ‍ॅप फोनात घ्यायला गेलो. घेतच नाही. फोन जुना आहे म्हणतो. जुना आहे म्हणूनच तर घेतला!

खचलो नाही. नवी योजना: साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे, वहीत गट नंबर लिहायचे, अ‍ॅपचं नंतर बघू. उरले एकशे पंच्याहत्तर, दिवस सतरा. रोज अकरा पडतात. हे तर वीसपेक्षाही कमी. म्हणजे थांबल्यामुळे काम सोपंच झालं.

१५ फेब्रुवारी

पाय मुरगळला. बांधावर नाही, तक्ता उतरवताना स्टुलावरून. चार दिवस आराम. बॅटऱ्या मात्र तंदुरुस्त.

२० फेब्रुवारी, दुपारी १

'ब' आणि 'क' दोन्ही आज मुद्दाम शंभर टक्के भरल्या. दिलेला शब्द आधी म्हणून थेट लंकाबाईच्या रानात गेलो.

रान मोकळं होतं.

हरभरा उपटून झालेला. खळ्यावर ढीग, आणि साळूबाई एकटीच काठीनं झोडपत बसलेली. मी विचारलं, आत्ती, एवढी घाई का केली, फोटो राहिला होता. तिनं काठी खाली ठेवली.

"आरं बजरंगा, हरभरा काय तुझ्या फोनाची वाट बघत बसतो का? घाटं फुटून चालले हुते."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिनं मला पाणी दिलं. म्हणाली, लंकाबाई मागल्या म्हयन्यात शेजारणीच्या तोंडून रोज इचारायची, नोंद झाली का. मी सांगायची, बजरंग करनार हाय. लई शिकलेला हाय तो.

मोकळ्या रानाचा फोटो काढून काय करू? बांधावर बसलो. खिशात दोन बॅटऱ्या होत्या, काठोकाठ भरलेल्या. दोन माणसं चार महिने कोपीत राहून ऊस तोडतायत. त्यांच्या म्हातारीनं भरउन्हात एकटीनं हरभरा काढला. आणि तो आता केंद्रावर कुणी घेणार नाही, कारण मी पोत्यात बॅटरी शोधत होतो.

लंकाबाईला फोन लावायचा होता. रेंज होती. चार्जिंग होतं. लावला नाही.

२१ फेब्रुवारी

रात्री नीट झोप लागली नाही. सविताला सांगायला तोंड उघडलं, तर ती गाईकडे गेली.

माफीचा अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात बॅटरी, लाईट आणि पाय ही कारणं होती. दुसऱ्यात फक्त लाईट. तिसऱ्यात कारण उरलं नाही. चार ओळींचा झाला.

२३ फेब्रुवारी

अर्ज घेऊन तलाठी कार्यालयात गेलो. मॅडमनी अर्ज वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा अर्ज वाचला. कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून म्हणाल्या, तुमच्या लॉगिनवर एकशे एकाऐंशी गट झालेत, राहिलेत पाच.

मी म्हटलं, काहीतरी गफलत असेल. त्यांनी लंकाबाईचा गट उघडला. तीन फेब्रुवारी. हिरवागार हरभरा, घाट्यांनी लगडलेला. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक सावली पडलेली. डोक्यावर घासाचा भारा घेतलेल्या बाईची.

सावली ओळखायला मला जरा वेळच लागला. एकोणीस वर्षं झाली लग्नाला.

मॅडम म्हणाल्या, सविताताई अडल्या की फोन करून विचारतात. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. अर्ज त्यांनी परत दिला. घडी नीट घालून.

संध्याकाळी

सविताला विचारलं, सांगितलं का नाही. ती भाकरी थापत होती.

"सांगायला रानातनं दोनदा फोन केला. बंद हुता. मग म्हटलं, तुमचं चाललंय ते चालू द्या."

तिचा फोन चुलीपासून लांब, कोनाड्यात चार्जिंगला होता. सकाळी उठल्यावर लावायचा, काम झालं की काढायचा, जेवताना परत लावायचा. एवढीच तिची पद्धत. टक्के बघते का विचारलं. म्हणाली, बघून काय करायचं.

लंकाबाईला मी स्वतः फोन करून नोंद झाल्याचं कळवलं. तिला ते तीन तारखेपासूनच माहीत होतं. साळूबाईला मात्र सांगायचं राहून गेलं होतं म्हणाली, म्हातारीला फोनवर ऐकू येत नाही. ते सांगायला मी गेलो. साळूबाई म्हणाली, करशील म्हटलंच हुतं मी. मी तिला खरं सांगितलं. तिला बहुतेक ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला पाहिजे होतं.

२५ फेब्रुवारी

उन्हाळी हंगामासाठी सहाय्यक म्हणून सविताचं नाव गेलं. मॅडमनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मोठ्या मनाने हो म्हणणारच होतो.

राहिलेले पाच गट डोंगराकडेला आहेत. सविता म्हणाली, उद्या सहाला निघायचं, तुमी बी चला. मी विचारलं, माझ्याकडे काय काम? म्हणाली, त्या वाटंला कुत्री लई हायत, काठी घ्या.

पाचचा गजर लावला. तिच्या फोनवर.