तीन नंबरला हाक

४ मे १९९८, सोमवार. जळगाव

आलो बुवा एकदाचा! सकाळी नऊला स्टेशनवर उतरलो तर ऊन भर दुपारचं. पुण्याच्या कंपनीने पहिल्यांदाच मला एकट्याला काम दिलंय. हे निभावलं की ऑगस्टपासून नोकरीत कायम, असं साहेबांनी तोंडी कबूल केलंय. काम आहे असोद्याच्या रस्त्यावर, मोतीलाल शेठच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि आतल्या चार खोल्यांत साडेतेरा! या जिल्ह्यात सध्या माझ्याइतका सुखी नोकरदार दुसरा नसेल. दुपारी शेठच्या घरून शेवभाजीचा डबा आला. दोन घासांत माझे कान लाल झाले आणि भिकन, जो इथला हमालही आणि ऑपरेटरही, पोट धरून हसला.

६ मे, बुधवार

प्रत्येक खोलीबाहेर गारवा सांभाळणारं एक यंत्र आहे. त्याचा सेन्सर आत मागच्या भिंतीवर, आणि पाठीमागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट. आकडा बघायला आजवर भिकनला चारही दारांशी फेऱ्या माराव्या लागत. मी आणलेला डबा ही यंत्रं ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या जाळ्याला जोडतो. यंत्रांची बोली एक, जाळ्याची दुसरी, आणि डबा हा मधला दुभाष्या. आज दिवसभर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी येत होती. संध्याकाळी कळलं की यंत्रं २४०० च्या वेगाने बोलतायत आणि मी ९६०० वर कान लावून बसलोय! वेग जुळवला आणि चारही आकडे एकामागोमाग उभे राहिले. १३.५, १३.४, १३.५, १३.६. भिकनने टाळी मागितली. मी दिली.

८ मे, शुक्रवार

डबा चोख चाललाय, फक्त तीन नंबरच्या आलेखावर रोज पाचच्या सुमाराला एक उंचवटा येतो. वायर तपासली, सेन्सर तपासला. शेवटी पाचला स्वतः जाऊन उभा राहिलो.

उंचवटा म्हणजे झुलालनाना. साठीचे आहेत, मूळ धुळ्याकडचे, खोल्या बंद करण्याचं काम त्यांचं. तीन नंबरचं दार सताड उघडून त्यांनी आत हाक मारली, “भागाबाई, चाल वं, घर चाल. दार लावस.” मग एक बिडी संपेपर्यंत दाराबाजूला उभे राहिले, आतून कुणी चालत यावं आणि त्याला वाट मिळावी तसे. मगच दार लावलं. तेवढ्यात दोन अंश गारवा बाहेर!

भिकनने सांगितलं ते असं. आठ वर्षांपूर्वी भागाबाई नावाची बाई इथे फण्या निवडायची. उन्हाच्या तलखीने आत गारव्याला जाऊन क्रेटांमागे तिचा डोळा लागला. दार लागलं, पुढे दोन दिवस सुट्टी. केळी श्वास घेतात, बंद खोलीत माणसाला हवा उरत नाही. आतून उघडायची मूठ तेव्हा मोडलेली होती. ती आजही मोडलेलीच आहे. मी शेठना लिहून दिलं, पण मूठ दुरुस्त करणं काही माझं काम नव्हे.

११ मे, सोमवार

१८ तारखेला मुंबईचे निर्यातदार बघायला येणार. शेठना आलेख सरळ रेघेसारखा हवा. मी ऑफिसात सूचना टाइप केली आणि तीन नंबरच्या दाराला चिकटवली: ‘पडद्यावर तापमान १३ ते १४ असल्यास दार ताबडतोब लावावे. हाक मारण्याची गरज नाही.’ नानांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. त्यांनी कागदावरून एकदा हात फिरवला, ते मला जरा लागलं. पण श्रद्धेने आलेख सरळ होत नाही.

१२ मे, मंगळवार

काल नानांनी हाक न मारता दार लावलं. पाच वाजून पाच मिनिटांनी तीन नंबरचा आकडा ३७.० झाला. पुढे तासागणिक उतरत गेला आणि आज सकाळी १३.५. एवढ्या मोठ्या खोलीतली हवा पाच मिनिटांत अशी तापत नाही. पोर्ट खराब असणार.

१४ मे, गुरुवार

पोर्ट बदलला. वायर नवी टाकली. सेन्सरही बदलला. दार लावलं की पुन्हा ३७.० आणि पुन्हा तेच सावकाश उतरणं. सदतीस म्हणजे जिवंत माणसाच्या अंगाची ऊब; ताप मोजायची काचनळी आठवते. नाना म्हणाले, भागाबाई रोज दारापर्यंत येते आणि दार बंद असतं. मी हसलो, पण हसू काही जमलं नाही.

१५ मे, शुक्रवार

तीन दिवसांवर पाहुणे. प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. वीसच्या वरचा आकडा आला की तो गाळायचा आणि आधीचा दाखवायचा. आता पडद्यावर कायम साडेतेरा. कुणाला सांगितलं नाही.

१६ मे, शनिवार

पाचला पडदा बघितला, साडेतेरा. दार मीच लावलं. बाहेर टायरच्या तळव्यांच्या चपलांचा जोड कुणी विसरलं होतं, तो पायाने बाजूला सारला. नाना दिसले नाहीत. धुळ्याला लग्नाला जाणार होते म्हणे.

१७ मे, रविवार

सुट्टी. तरी पडद्यासमोर बसून पाहुण्यांसाठी तक्ते छापले. तीनच्या सुमारास भिकनने मटका कुल्फी आणली. आलेख काय सुंदर दिसतोय!

१८ मे, सोमवार

पाहुण्यांसमोर शेठनी तीन नंबर उघडला.

नाना दाराशीच होते. बसलेले, अनवाणी. नखं—

नाही लिहवत.

२० मे, बुधवार

पंचनाम्यात अपघात लिहिलं. मला विचारलं, यंत्रात काही दिसलं होतं का. मी नाही म्हणालो. पडद्यावर खरंच काही दिसलं नव्हतं.

गाळलेले आकडे एका फाईलमध्ये साठत असतात. आज ती उघडली. शनिवारी पाच पाचला एकाच तारेवर दोन आकडे आले आहेत, ३७.० आणि ३७.०. एक नेहमीसारखा उतरत गेला. दुसरा उतरला नाही. रात्रभर नाही, सकाळी नाही. रविवारी तीन वाजून दहा मिनिटांनी उतरू लागला.

तेव्हा मी कुल्फी खात होतो. त्याच पडद्यासमोर.

२२ मे, शुक्रवार

नानांच्या घरच्या, यशोदाबाई, गेटवर आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, नाना शनिवारी सांगून गेले होते की ती रुसली शे, हाकेला येत नाही, मझार, आत जाऊनच आणावी लागेल, मग तिथूनच धुळ्याला लग्नाला जाईन. मग म्हणाल्या, “आते तुम्हीच हाक मारा, भाऊ. दोन्हींना.”

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. भीती वाटते, लाज त्याहून जास्त. त्या चार ओळीही काढल्या नाहीत. काढल्या तर त्या होत्या हे कळेल. नोकरी जाईल, कदाचित तुरुंग.

२३ मे, शनिवार

फाईलमध्ये रोज दोन आकडे. दोन्ही ३७.० पासून. रोज नव्याने.

म्हणजे त्यांचं मरणं संपतच नाही.

२५ मे, सोमवार

आज पाचच्या आधी तीन आकडे आले. तिसरा सदतीसच. उतरत नाही, म्हणजे आत कुणी जिवंत आहे—

दाराशी जाऊन हाक मारली. भागाबाई. नाना. एक बिडीएवढा वेळ थांबलो. कुणी आलं नाही. आत जाणार आहे. दाराला वीट लावलीय. वही बरोबर आहे.

आत. टॉर्च आहे. क्रेटांच्या रांगा. मागे पोचेपर्यंत दार—

लागलं. वीट सरकवल्याचा आवाज ऐकला. भिकनने लावलं. त्याची काय चूक, पडदा बघून लावलं, सूचनेप्रमाणे. ओरडलो. जाड दार आहे.

मूठ फिरतेय नुसती.

भिकन पडद्यावर बघेल. तीन नंबरला सदतीस दिसेल, धावत येईल— नाही. साडेतेरा दिसेल त्याला. साडेतेराच दिसत राहील. मीच ते—

श्वास जड. अक्षरं नीट येत नाहीत. आई, मी

कुणीतरी हाक मारतंय. बाहेरून नव्हे. मागच्या भिंतीकडून, माझ्या नावाने. घर चाल म्हणतायत. नानांचाच आवाज. बिडीचा वास आला, आता मला फक्त उठून त्यांच्या मागोमाग