गाडीचं पाणी

देवबाग, ता. १२ ऑक्टोबर २०२४

चि. देवेश यास आजीचे आशीर्वाद. वि. वि. (याचा अर्थ मला ठाऊक नाही. तुझे आजोबा घालायचे म्हणून घालते.)

तुझ्या त्या डोंगरावर फोन लागत नाही म्हणून लिहायला बसले. चौथीनंतर हात वळलेला नाही, अक्षराला हसू नकोस. मिलिट्रीच्या गाड्या दुरुस्त करतोस म्हणजे फार मोठा झालास असं नाही.

खबर अशी की आजोबांची गाडी उकळते. रिया पर्यटकांना घेऊन कुडाळ स्टेशनला निघाली होती. चौक्याच्या चढावर काटा लालात गेला आणि पुढून वाफ सुटली, भाताच्या टोपाचं झाकण उडतं तशी. पर्यटक उतरून फोटो काढत राहिले. मालवणात भाई मेस्त्रीला दोन वेळा दाखवली. आधी म्हणाला पंखो गेलो, तो बदलला. मग म्हणाला थर्मोस्टॅट अडकलो, तो काढूनच टाकला. आता तिसऱ्यांदा काय काढतो ते बघायला मी गेले नाही.

तुझ्या बहिणीने मला तोंडावर सांगितलंय. नाताळच्या गर्दीआधी गाडी धड झाली तर ती इथे राहणार. नाही झाली तर एक जानेवारीला गोव्याला. शेजारच्या तुळसाची मुलगी सारिका तिथल्या हॉटेलात चादरी बदलते, तिने हिलाही बोलावलंय. जाईना का. मला एकटीला मूठभर तांदूळ पुरतात. पण आजोबा गेल्यापासून चार वर्षं ती टॅक्सी चालवते, आपल्या वाडीत दुसरी बाई चालवत नाही. तिने परक्यांच्या चादरी झटकायच्या हे माझ्या डोक्यात शिरत नाही. काय करायचं ते तिथूनच सांग.

लोभ आहे तेवढा असू दे, पत्र तेवढं लवकर टाक.
आजी


लेहच्या पुढे, ता. २३ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर आमच्या सुभेदारापेक्षा बरं आहे. इथे सकाळी आमच्या गाड्या चालू करायच्या म्हणजे आधी त्यांची मनधरणी करावी लागते, तुझ्यासारखी.

आता मी सांगतो ते कर. सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत पाणी किती आहे आणि रंग कसला ते बघा. गरम असताना उघडू नका, तोंड भाजेल. मग गाडी चालू करून हिटरची खुंटी पूर्ण लाल बाजूला सरकवा. काटा वर चढला की समोरच्या जाळीवर हात धर. हिटर म्हणजे गाडीच्या आतला छोटा रेडिएटरच, इंजिनचं तापलेलं पाणी त्यातूनही फिरतं. काटा लालात आणि वारा गार असेल, तर पाणी तिथवर पोचतच नाही. इंजिनच्या मागून दोन रबरी पाइप आत शिरतात, ते दोन्ही चाचपून बघा.

रस्त्यात उकळलीच तर रियाने हिटर पूर्ण सोडून काचा उघडाव्यात, थोडी उष्णता तिकडून निघते. आणि लगेच बाजूला घेऊन बंद करावी. काटा लालात असताना पुढे जायचं नाही.

पायावर डोकं ठेवतो, पण पायांना तेल चोळायला लावू नकोस.
देवेश


देवबाग, ता. ३ नोव्हेंबर २०२४

चि. देवेश यास आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी झाली. करंज्या पाठवल्या नाहीत, तिथवर भुगाच पोचला असता.

देवबागात हिटर लावला. वाडीतली माणसं येऊन बघून गेली. खुंटी जन्मात कोणी हलवली नव्हती, रियाने खोबरेल सोडून पकडीने ओढली. पाणी निम्मंच होतं, रंग उकड्या तांदळाच्या पेजेसारखा तांबूस. काटा लालात गेला आणि जाळीतून वारा आला तो पहाटेच्या खाडीवरचा. पाइपांचं म्हणशील तर एकाने माझं बोट भाजलं, दुसरा गार. भाईने ते सोडवून हवा मारली. आधी काहीच नाही, मग पांढरे पापुद्रे उडाले. न्हाणीतल्या हंड्याच्या बुडाला खर धरते ना, तसेच. ते साफ केलं तरी गाडी उकळतेच.

तुझं पत्र वाचल्यापासून रिया जेवत नाही. त्या दिवशी पर्यटकांची रेल्वे चुकू नये म्हणून तिने काटा लालात असताना तीन किलोमीटर गाडी पुढे नेली होती. त्यानेच सगळं झालं असं तिने मनात घेतलंय. मी म्हटलं, खाण्यावर राग काढू नको, बांगडे ताजे आहेत. ताट तसंच राहिलं.

आम्ही आहोत तशा आहोत, तू कानटोपी घाल.
आजी


लेहच्या पुढे, ता. १४ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजी, तीन किलोमीटरने अशी खर धरत नाही. तिला वर्षं लागतात. आजोबा मालवणातून कॅन आणून हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, घालायचे, त्याने आत गंज धरत नाही. आता कोण भरतं, आणि कुठलं पाणी भरतं, ते मला नक्की कळव.

आणखी दोन गोष्टी बघा. गार इंजिन झाकण उघडं ठेवून चालू करा आणि पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात का बघा. ऑइलचं झाकण काढून त्याला आतून काय लागलंय तेही बघा. बुडबुडे असले, झाकणाला पांढरं लागलं असलं तर इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग गेलं असेल. ते अजून बदलता येईल. रियाला सांग मी आशा सोडलेली नाही.

तुझ्या बोटाला आणि रागाला जपून असावे.
देवेश


देवबाग, ता. २५ नोव्हेंबर २०२४

चि. देवेश यास आशीर्वाद. वि. वि.

बुडबुडे आहेत. चिंबोरी बिळातून सोडते तसे, थांबत नाहीत. तेलाच्या झाकणाला आतून नारळाचा रस चोळल्यासारखं पांढरं लागलंय. भाईने बघितलं आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

इथे यंदा सुरमई बरी लागली. तुळसाची म्हैस व्याली. पर्यटक भरपूर आहेत, रियाचा फोन वाजतो आणि ती प्रत्येकाला नाही म्हणून सांगते. तू आणखी काहीतरी विचारलं होतंस, ते पान कुठे गेलं सापडत नाही.

बाकी ठीक, म्हणजे ठीक म्हणायचं.
आजी


लेहच्या पुढे, ता. ७ डिसेंबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्राला एकच पान होतं, आजी. बुडबुड्यांचं आणि पाण्याचं त्याच पानावर लिहिलं होतं.

भाईला हेड, म्हणजे इंजिनचं डोकं, उघडायला सांग. पाण्याची भोकं शाबूत असतील तर गाडी वाचेल. आणि पाणी कुठलं ते सांग. मी रागावणार नाही.

उत्तराची वाट बघतो.
देवेश


देवबाग, ता. २० डिसेंबर २०२४

चि. देवेश यास आशीर्वाद.

तू रागावलास म्हणून मला काही होणार नव्हतं. लिहवत नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

विहिरीचं. आजोबा गेले, कॅन संपला. रिया म्हणाली नळाचं घालू. मी तोंडाने हो म्हटलं, मनात नको. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही चार हंडे. ते माणसांनी प्यायचं की लोखंडाने? तेव्हापासून गाडीत पाणी मी घालते. चार वर्षं, माझ्या हाताने, तांब्या भरून. रियाला वाटायचं मी नळाचंच घालते. आपली विहीर तुला ठाऊक आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. वादळाच्या वर्षी पाणी आत शिरलं तेव्हापासून त्यात डाळ शिजत नाही. डाळीचं मला कळलं, गाडीचं कळलं नाही.

हेड उघडलं तेव्हा मी समोर होते. भोकांच्या कडा वाळवीने खाल्ल्यासारख्या. भाईने बोटाने दाबलं तर चुरा पडला. म्हणाला ह्येका पॅकिंग बसूक जागाच उरली नाय, आणि असला हेड आता खंय गावाचा नाय. त्याचा भाचा निलेश बांद्याच्या भंगारात शोधून आला. तिथे मिळालं ते याच्याहून कुजलेलं.

रियाने लायसन कपाटात टाकलं. त्या हॉटेलाला ड्रायव्हरही हवेत, सारिकाने मुद्दाम कळवलं. पण ही चादरीच बदलणार म्हणते. आपल्या हातून आजोबांची गाडी मेली, आता दुसऱ्याची कशाला मारायची असं तिचं म्हणणं. मी समोर बसून ऐकते आणि कांदा चिरते. माझं तोंड गावाला ठाऊक आहे, कोणाला काय वाटेल ते सुनावणारी मी. एवढं एक वाक्य निघत नाही.

तुझी आजी


देवबाग, ता. २ जानेवारी २०२५

चि. देवेश यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलेलं नाही. आलं तरी आता उपयोग नाही.

काल रियाला पोचवायला मालवणच्या स्टँडवर गेले. पणजीची एस.टी. लागायची होती. तिथे मी तिला सांगितलं. चढावर तू काही केलं नाहीस, चार वर्षं मी गाडीला विहिरीचं पाणी पाजत होते, मोडली तेव्हा आत तू होतीस इतकंच. तिने विचारलं कधीपासून ठाऊक आसा. मी खरं ते सांगितलं, देवेशच्या नोव्हेंबरच्या पत्रापासून. सव्वा महिना ती उपाशी उठत होती आणि ताटं मी उचलत होते.

लायसन पोस्टाने पाठवते म्हटलं. नको म्हणाली. गाडी चालवायला आता हात धजत नाही म्हणाली, चूक कोणाची का असेना.

मग तिने पिशवी खाली ठेवली. मला वाटलं राहते. एस.टी. फलाटाला लागत होती आणि ती पिशवी खाली ठेवून उभी होती, तेवढा वेळ मला तसं वाटलं. तिने फक्त हात बदलला आणि एस.टी.त चढली.

तुझ्याकडून लोभ मागायला तोंड नाही. पत्र टाकलंस तर वाचीन.
आजी