संगणकाच्या जोडसाहित्यातून हाफिज शेख यांना वगळण्याबाबत

दिनांक : ८ जानेवारी २००४

प्रति,
मा. विभागीय आगार अधिकारी,
सागवान लाकूड आगार, मोहडोंगरी,
आलापल्लीजवळ, जि. गडचिरोली

विषय : जडसंग्रह नोंदवहीतून अर्जदाराचे नाव कमी करून त्यास घरी राहू देणेबाबत.
संदर्भ : आपली हस्तांतरण यादी, अनुक्रमांक १ ते १७.

महोदय,

१. अर्जदार हाफिज शेख हा आलापल्लीत रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवतो. तो शासनाचा नोकर नाही, हे प्रथम नमूद करावेसे वाटते, कारण आपल्या कार्यालयात याबाबत आता एकमत राहिलेले नाही.

२. सन २००० च्या पावसाळ्यात आगारातील आठ वर्षे जुना संगणक सुरू होईना. जवळपास दुसरा कारागीर नसल्याने अर्जदारास बोलावणे आले. त्याने मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या, मेलेली बॅटरी बदलली, पॉवर सप्लायमधले फुगलेले कंडेन्सर काढून नवे झाळले. पंखा फिरे, पडदा उजळे आणि तिथेच घोडे अडे. तिसऱ्या दिवशी पेटीला कान लावल्यावर उमगले की आतली डिस्क फिरतच नाही; थंड झाली की तिची चकती चिकटून बसते. बटण दाबताक्षणी पेटीला डाव्या अंगाने अर्धा हिसका दिला की ती सुटते. हिसका जास्त झाला तर डिस्क गेली, आणि तिच्यातली सगळ्या ओंडक्यांची यादीही गेली.

३. संगणक बंदच करू नये, असे अर्जदाराने तेव्हाच सुचवले होते. परंतु लाकडाचे आगार असल्याने संध्याकाळी मेन स्विच पाडावाच लागतो, आणि चौकीदार कोलू हे काम कधी विसरत नाही. त्यामुळे गेली साडेतीन वर्षे अर्जदार रोज सकाळी सायकलने येऊन हिसका देतो. लिपिक लटारूभाऊ यांस शिकवू पाहिले. त्यांनी पेटीला हात लावला आणि घाबरून मागे घेतला. यादी एकदाची कागदावर छापून घ्यावी, हा अर्जदाराचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.

४. या आगारात वस्तू ज्यासह चालते ते शेऱ्यात लिहिण्याची पद्धत आहे. जीपपुढे 'धक्क्यासह चालू' असे आजही आहे. त्याच रीतीने लटारूभाऊंनी संगणकापुढे 'हाफिजसह चालू' लिहिले. अर्जदाराने हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, "तुमचं नाव नाई टाकलं तं उद्या नव्या बाबूले कसं मालूम पडन, काऊन चालत नाई म्हणून?" अर्जदारास ते पटले. उलट थोडा मानच वाटला, ही चूक तो कबूल करतो. पुढच्या साली नोंदवही नव्याने उतरवताना शेरा घसरून खाली आला : कीबोर्ड नग १, प्लास्टिकचे आवरण नग १, हाफिज नग १. तेव्हापासून दर मार्चमध्ये अर्जदार संगणकाशेजारी उभा राहून मोजला जातो. ईदच्या दिवशी तो आला नाही, तर नग गहाळ झाल्याचा खुलासा मागवण्यात आला, आणि तो अर्जदारानेच लिहून दिला.

५. लटारूभाऊ निवृत्त झाले. आता सदर संगणक जोडसाहित्यासह एटापल्लीकडील नव्या आगारात हलवायचा आहे. ट्रक सोमवारी येतो. नवीन बाबू म्हणतात, यादीतले सतराही नग चढले नाहीत तर पोच मिळत नाही, आणि नग स्वतःहून निघून गेल्यास पोलिसांत कळवावे लागेल. आपण माणूस आहोत असे अर्जदाराने सांगितले. त्यावर तसा पुरावा जोडून अर्ज करण्याची सूचना झाली.

६. अर्जदाराची पत्नी जमीला हिची नजर दोन वर्षांपूर्वी पूर्ण गेली. मुलगी आयशा लांब बल्लारपूरला नांदते. घरात जमीला भिंतीला हात लावून चहासुद्धा करते, मात्र उंबऱ्याबाहेर तिला अर्जदाराचाच हात लागतो. ट्रकचे कळल्यावर ती एवढेच म्हणाली, "मले कोनाच्या हवाली करून राह्यले?" अर्जदारास रडू आले. कार्यालयीन पत्रात असे लिहीत नाहीत, हे त्यास ठाऊक आहे.

७. तरी अर्जदारास निरुपयोगी ठरवून त्याचे निर्लेखन करावे, म्हणजे नोंदवहीतून नाव खोडावे. जीर्ण म्हणावे, मोडका म्हणावे, त्याची काही हरकत नाही. हे नियमात बसत नसेल तर जमीलाचे नाव यादीत अठराव्या क्रमांकावर घ्यावे. तिला सोडून अर्जदार ट्रकमध्ये चढणार नाही.

सोमवारच्या आत आपल्या सहीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
हाफिज शेख

सोबत :
१) रेशनकार्डाची प्रत (माणूस असल्याचा पुरावा म्हणून)
२) जमीलाच्या डोळ्यांबाबत डॉक्टरांचा दाखला
३) अठराव्या क्रमांकासाठी जमीलाची संमती, अंगठ्यासह