कडा गिळणारी लेन्स

३ तारीख, सकाळ

आजपासून सूड. थंड डोक्यानं घ्यायचा. अजिबात चिडायचं नाही. (टूथब्रश मोडला. नवीन आणणे.)

घडलं ते लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. काल दुपारी ती मामाच्या फोटो स्टुडिओत आली. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच दिसली. मी काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत होतो. एका गृहस्थांचा कान गेला. ती एकटी असती तर कानाचं मी काहीतरी केलं असतं, पण मागोमाग इस्त्री आत आला.

इस्त्री म्हणजे आमच्या वर्गातला पहिल्या बाकावरचा. पँटची घडी अशी की तिच्यावर कागद कापावा. मोज्यांनाही इस्त्री करतो असा माझा संशय आहे. तिनं मामाला सांगितलं, पुढच्या महिन्यात आमचं लग्न आहे, त्याआधी दोघांचे छान फोटो हवेत, बागेत वगैरे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, अरे, तू इथे असतोस होय? इस्त्री म्हणाला, कसा आहेस मित्रा?

मित्रा. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मजेत.

मामाचा गुडघा धरलाय, त्यामुळे बागेतलं काम तेवीस तारखेला मी करायचं ठरलं. नियतीनं शत्रूला माझ्या कॅमेऱ्यासमोर आणून उभं केलं आहे. याला म्हणतात न्याय.

३ तारीख, संध्याकाळ

मामा म्हणाला, साहेब, कान कापलेला फोटो परत काढून द्या. माणूस तीन वेळा आला.

५ तारीख

कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं, हे एकदा नोंदवून ठेवतो. घरात वेगळी आवृत्ती चालू असते. प्रॅक्टिकलला सरांनी तिचा पार्टनर म्हणून इस्त्रीला दिलं. मी कारण विचारलं. सर म्हणाले, रोल नंबरप्रमाणे आहे. मी म्हटलं, मग मी रोल नंबरच सोडतो. आणि सोडला. आमच्या वर्गात इतका स्वाभिमानी मुलगा दुसरा नव्हता. बाकीचे सगळे पास झाले.

आणि त्याच वर्षी कॅन्टीनमध्ये माझ्या मोबाइलमधला एक फोटो बघून ती म्हणाली होती, तुझ्या फोटोंत काहीतरी कॅरॅक्टर आहे. फोटो हललेला होता. तरी तिला दिसलं. इस्त्रीच्या फोटोंबद्दल ती असं काही म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

योजना पक्की होते आहे. त्याला फोटोतून उडवायचा. तोही असा की तिला फोटो बघताना कळावं, आपण स्पष्ट आहोत आणि हा माणूस मुळात नाहीच. लग्न मोडेल असं मी म्हणत नाही. शंका येईल. शंका पुरे.

६ तारीख

पहिला विचार: स्टुडिओतली नवी लेन्स वापरावी. एवढी शार्प की कातडीतलं एकेक छिद्र मोजून घ्या. इस्त्रीचं तोंड भिंतीएवढं मोठं करून दाखवायचं. आधी स्वतःवर ट्रायल घेतली.

विचार रद्द. चेहऱ्याला लावायचं काहीतरी आणणे.

८ तारीख

दोन दिवस नेटवर लेन्सचा अभ्यास. (पासपोर्टची कामं राहिली. मामा बोलला. मोठ्या कामात छोटी कामं मागे पडतातच.)

निष्कर्ष: नव्या लेन्स फार सज्जन असतात. सगळं सरळ, सगळं स्वच्छ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. थोडक्यात, इस्त्री. जुन्या लेन्समध्ये खोड असते. एखादी पिवळी पडलेली असते, एखादी उजेड दिसला की धुरकटते, एखादीच्या कडा बिघडलेल्या असतात. या खोडीलाच जाणकार कॅरॅक्टर म्हणतात. आणि आपला कॅमेरा मिररलेस. पोटात आरसाच नाही, त्यामुळे पुढे एक अडॅप्टरची रिंग अडकवली की कुठल्याही जमान्यातली लेन्स बसते.

मामाला सांगितलं की मला कॅरॅक्टरवाली लेन्स हवी. मामा म्हणाला, कॅरॅक्टर माणसाला असावं, लेन्सला फोकस असला की झालं. जुनी पिढी.

९ तारीख

कॅमेरा दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्या टेबलाला एक खोल खण आहे, कोणी परत न्यायला न आलेल्या लेन्स त्यात पडलेल्या असतात. तीन निवडल्या आणि अडॅप्टर. बदल्यात गिटार दिली. गिटारही तिच्यासाठीच घेतली होती, दीड गाणं बसलं होतं. त्याग. काकांनी तार छेडून बघितली आणि म्हणाले, ही कधी वाजवलीय का?

१० तारीख

पिवळी लेन्स. काच वयानं चहासारखी झाली आहे. ताईला खिडकीत उभं करून फोटो काढला. आई फोटो बघून घाबरली, म्हणाली, हिला कावीळ झाली की काय? तेव्हापासून ताई माझ्याशी बोलत नाही. शिवाय पिवळा पडेल तो सगळाच फोटो, म्हणजे तीही पडेल. बाद.

१२ तारीख

धुरकट लेन्स. आतून वाफ धरल्यासारखी. समोरच्या वाण्याचा फोटो काढला. जो माणूस वजनात बोट ठेवतो तो देवमाणूस दिसायला लागला. डोक्यामागे प्रभा. त्यानं तीन कॉप्या मागितल्या.

या लेन्समध्ये इस्त्री कसा दिसेल ही कल्पनाच सहन झाली नाही. बाद. लेन्स पेपरवेट म्हणून मामाला भेट.

१५ तारीख

सापडली.

तिसरी लेन्स. जड, काळी, फोकसची रिंग फिरवताना कुरकुरते. मधोमध असेल ते लख्ख. मधून जसजसं कडेला जावं तसतसं सगळं गरगरत, फरफटत जातं, भोवऱ्यात सापडल्यासारखं. ट्रायल: गच्चीवर मध्ये ताई, कडेला प्लास्टिकची खुर्ची. (ताईला बोलतं करायला तिचा मोबाइल दुरुस्त करून आणावा लागला.) फोटोत ताईच्या पापण्या मोजता येतात. आणि खुर्ची? खुर्ची ओळखू येत नाही. आईला दाखवलं, कडेला काय आहे सांग. आई म्हणाली, वाळत घातलेला टॉवेल.

इस्त्री, तुझा टॉवेल होणार.

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१८ तारीख

तिचा फोन आला. स्वतःहून. फोटोला कपडे कुठल्या रंगाचे घालायचे ते विचारायला. मी तिला सांगितलं, तू गडद घाल. त्याला हिरवं घालायला सांग, अगदी झाडीसारखं. (विरघळायला सोपं.) तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, कंपोझिशन.

फोन ठेवताना तिनं विचारलं, जेवलास का?

याची काहीएक गरज नव्हती. कपड्यांचं बोलून झालं होतं. तरी विचारलं. जे लोक म्हणतात तिच्या मनात काही नाही, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

१९ तारीख

मामानं सांगितलं, काल तिचा फोन आधी मीच घेतला होता, मुलगी गोड आहे, मला म्हणाली, मामा, जेवलात का?

ठीक आहे. वडीलधाऱ्यांना विचारतातच.

२१ तारीख

दुरुस्तीवाल्या काकांकडे रिंगला तेल घालून आणलं. त्यांना योजना नाव न घेता सांगितली. ते म्हणाले, मध्ये कोण उभं राहतं तेवढं बघ. मी म्हटलं, ते फोटोग्राफर ठरवतो. काका हसले. गिटारवर त्यांना आता अख्खं गाणं येतं. दुर्लक्ष केलं.

२२ तारीख

उद्या. इस्त्रीला शेवटची संधी म्हणूनसुद्धा दया दाखवायची नाही. दोन वर्षं दातओठ खाल्ले, आता चावायची वेळ आली. बॅटरी चार्जला लावली. शर्ट इस्त्रीला दिला. (शर्ट परत आणला. चुरगळलेला घालणार.)

२३ तारीख, दुपार

घडलं ते क्रमानं लिहितो.

बाग, मागे दाट झाडी, उजेड उत्तम. मामा गुडघ्याला पट्टा बांधून आलाच, बाकावर बसून राहिला. ती गडद निळ्या कपड्यांत. इस्त्री हिरव्यात, सांगितल्यासारखा. मला म्हणाला, मित्रा, तू सांगशील तसं. सांगशील तसं म्हणणाऱ्या माणसाचा सूड घेणं थोडं कठीण जातं, पण मी कठोर झालो.

तिला मधोमध उभं केलं. त्याला म्हटलं, जरा उजवीकडे. अजून. अजून जरा. तो मुकाट्यानं सरकत गेला. शेवटी तो झुडपाला टेकला, तिच्यात आणि त्याच्यात एक हातगाडी गेली असती. ती म्हणाली, अरे, भांडण झाल्यासारखं दिसेल ना? मी म्हटलं, ही निगेटिव्ह स्पेस असते. बाकावरून मामा म्हणाला, साहेब, नवरामुलगा पुढच्या गल्लीत गेला की फोटो काढणार का?

मी डोळा लावला. कॅमेऱ्यात ती लख्ख. कडेला हिरवं काहीतरी गरगरत होतं. टॉवेल. दोन वर्षांत एवढं सुंदर दृश्य पाहिलं नव्हतं. बोट बटणावर ठेवलं.

तेवढ्यात ती हसली, म्हणाली, नाही बाबा, एवढ्या लांब नाही. आणि चार पावलं जाऊन त्याचा हात धरून त्याला ओढत मध्ये घेऊन आली. तो अडखळला, ती त्याला सावरताना आणखी हसली. माझं बोट दाबलं गेलं. मुद्दाम नाही. बोट होतं, बटण होतं.

नंतर बरेच काढले. ती काही त्याचा हात सोडेना. किती वेळा सांगितलं.

शेवटी तीच म्हणाली, आपण तिघं एका वर्गातले, एक आपल्या तिघांचा काढू या. मामा उठला, कॅमेरा घेतला. मला वाटलं मी तिच्या बाजूला उभा राहीन. राहिलो. मामा म्हणाला, साहेब, तुमची सावली पडतेय पोरीवर, सरका जरा. सरकलो. अजून जरा. सरकलो.

२४ तारीख

कॉम्प्युटरवर फोटो उघडले.

ओढत आणतानाचा एकच फोटो आहे. ते दोघं बरोबर मध्ये. लख्ख. तिच्या केसांची एक बट, त्याच्या शर्टाची घडी, दोघांचं हसू. आणि भोवती अख्खी बाग गरगर फिरते आहे, जसं काही जगात दुसरं काही उरलंच नाही.

मी टेस्ट खुर्चीवर केली होती. खुर्चीला कोणी हात धरून मध्ये आणत नाही.

मामा मागे येऊन उभा राहिला. चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हणाला, हा शोकेसमध्ये लावायचा, मोठा करून. माझ्या हातून असा एकही आला नाही आजवर. मी म्हटलं, डिलीट करतो. मामानं माउस काढून घेतला.

२७ तारीख

दोघं फोटो बघायला आले. तो फोटो बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तयारीत होतो. सगळं ऐकायला तयार होतो. ती म्हणाली, तुझ्या लेन्सला काय कॅरॅक्टर आहे रे.

लेन्सला.

इस्त्रीनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, मित्रा, मी आजपर्यंत एकाही फोटोत बरा दिसलो नव्हतो. त्याचे तळवे घामेजले होते. म्हणजे फोटो बघायला तोही घाबरला होता तर. हे मला नको होतं. शत्रूचे तळवे कोरडे असावेत.

त्यांनी तिघांचाही फोटो मागितला, हॉलमध्ये लावायला.

एक नोंद: तो फोटो द्यायला मी मुद्दामच हो म्हटलं. कारण त्यात मी तिच्या घरी कायमचा राहणार. रोज. इस्त्री चहा पीत असेल आणि भिंतीवरून मी बघत असेन. याहून मोठा सूड कुठला? डाव पलटला आहे.

२८ तारीख

घरी आईला तो तिघांचा फोटो दाखवला. आई म्हणाली, जोडी छान आहे. कडेला टॉवेल कोणाचा?

ताई हसता हसता खाली बसली.

३० तारीख

तिचा मामाला निरोप. फोटो फार आवडला, फ्रेमसाठी एवढंच करून द्या: उजव्या बाजूला काहीतरी हललंय, तेवढं कापता येईल का?

मामानं काम माझ्याकडे दिलं. मग म्हणाला, मी करू का? मी म्हटलं, कापाकापी माझंच खातं आहे.

बसलो. रेघ सरकवत नेली. आधी खांदा गेला, मग गळा, मग चेहरा म्हणून जे काही होतं ते. चुरगळलेला शर्ट गेला. कोणाचाही कान वगैरे चुकून गेला नाही. अगदी स्वच्छ काम झालं.

फक्त रेघ जरा अलीकडे थांबवली. झुडपात मिसळून हिरवट झालेलं, गरगरलेलं, टोकदार काहीतरी राहिलं आहे. सांगितल्याशिवाय कळणार नाही. सांगितलं तरी कळणार नाही.

माझं कोपर आहे. ते तिच्या हॉलमध्ये जातं आहे.

सूड.