जावळाला मामाची मांडी

सेनगाव, मंगळवार, दिवेलागण

सुरतेहून सकाळीच घरी आलो. उद्या भाच्याचं जावळ आहे, देवाच्या दारात. पहिले केस मामाच्या मांडीवर कापायचे, ही आमची धनगराची रीत. अन् सख्खा मामा मी एकटाच. पण मी आता पास्टर. तिकडं चर्चच्या मंडळीला दर रविवारी सांगतो, जुन्या देवाच्या दारात जाऊ नका.

ताईला म्हणलं, "मांडी देतो. पण कपाळाला भंडारा लावू नको. अन् बोकड कापताना मी थांबणार न्हाई."

ती भडकलीच. "काहून? हळदीच्या वावरात वाढला तू, आता हळदीनं बाटतो व्हय?"

आई म्हणली, "मांडी तर देऊन राहिला न्हवं."

"अर्धा मामा नको मला." माझ्यासमोरच ताईनं चुलतभावाला फोन लावला. तो व्हय म्हणला. पोरगं तवा माझ्याच मांडीवर होतं. त्याच्या डोळ्यावरचे केस मी मागं सारत होतो.

माझं चुकलं काय? चिमूटभर भंडाऱ्यानं येशू रागावला असता? कळून न्हाई राहिलं.

शेळ्यांच्या गोठ्यामागं प्रार्थनेला बसलो. मंडळीसाठी मागायचं होतं. तोंडातून निघालं, चुलतभावाची गाडी उद्या रस्त्यात बंद पडू दे.